सावली आखूड असताना

आईच्या रक्ततपासणीचा कागद वाचून डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘ड जीवनसत्त्व नऊ आलंय, काकू. निदान वीस तरी हवं.’

नऊ म्हणजे रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे ९ नॅनोग्रॅम. आईला मात्र त्या आकड्यापेक्षा त्यामागचा ठपका जास्त लागला. ‘अहो डॉक्टर, मी रोज उन्हात बसते की! पूजा आटोपली की गॅलरीत खुर्ची टाकते. पेपर वाचून होईपर्यंत हलत नाही.’

‘कितीला बसता?’

‘सातला. तेव्हा कोवळं ऊन असतं ना.’

‘आणि गॅलरी उघडी आहे?’

‘नाही हो, काचा लावून घेतल्यात. कबुतरं फार येतात.’

डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि त्यावर दोन रेघा ओढल्या. एक उभी, दुसरी तिच्या पायथ्यापासून निघालेली आडवी. ‘ही तुम्ही आणि ही तुमची सावली. सावली तुमच्यापेक्षा आखूड असेल तेव्हा बसा. काचेबाहेर बसा. आणि दंडापर्यंत हात उघडे ठेवा.’ पुढचे आठ आठवडे घ्यायच्या पुड्याही त्यांनी लिहून दिल्या.

रिक्षात आई गप्पच होती. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाली, ‘मग जन्मभर कोवळं ऊन चांगलं, कोवळं ऊन चांगलं म्हणत आलो, ते काय खोटं होतं?’

खोटं नव्हतं. पण तिचा प्रश्न मला सोडेना. आपण सरसकट ‘ऊन’ म्हणतो त्यात नाना प्रकारचे किरण असतात, आणि शरीराला त्यातला प्रत्येक वेगळ्या कामासाठी लागतो. कुठला किरण कातडीला हवा, कुठला डोळ्याला, कोणता काचेतून आत येतो आणि कोणता काचेबाहेरच अडतो, हे कळलं की सातचं ऊन आणि साडेबाराचं ऊन अशी दोन्ही आपापल्या जागी बसतात.

आधी ड जीवनसत्त्वाचं बघू. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या भावकीतला एक पदार्थ असतो, ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉल. त्याच्यावर २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण, म्हणजे यूव्हीबी, पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं. तुटलेला रेणू अंगच्या उबेनं हळूहळू स्वतःची रचना बदलतो आणि त्याचं ड जीवनसत्त्व होतं. या बदलाला तास-तास लागतात; माणूस सावलीत येऊन जेवायला बसला तरी कातडीत काम चालूच असतं. पुढे यकृत त्यावर एक प्रक्रिया करतं, मूत्रपिंड दुसरी, आणि मग ते आतड्याला अन्नातलं कॅल्शियम उचलायला लावतं. आईच्या कागदावर जो आकडा होता तो यकृतातून बाहेर पडलेल्या मालाचा.

या व्यवस्थेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा आवर. कितीही वेळ उन्हात राबलं तरी ड जीवनसत्त्व विषारी पातळीला जात नाही. ठरावीक मर्यादेनंतर तेच किरण तयार झालेल्या मालाचं निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करू लागतात. पुड्या आणि इंजेक्शनांना असा आवर नसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या पुडीत ६०,००० युनिट असतात आणि ती साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने, किंवा चुकून रोज घेतल्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर आल्याची उदाहरणं दवाखान्यांत दिसतात.

आता सातच्या उन्हात काय कमी आहे ते पाहा. यूव्हीबीचा मोठा भाग वातावरणातला ओझोन शोषून घेतो. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरणांना हवेचा थर सरळ, कमीत कमी अंतरात पार करायचा असतो, म्हणून थोडे का होईना खाली पोहोचतात. सूर्य क्षितिजालगत असताना तेच किरण तिरपे, कितीतरी जास्त हवेतून येतात आणि वाटेतच संपतात. सकाळी सातला उजेड असतो, ऊब असते, पण यूव्हीबी नसल्यातच जमा. जे थोडे उरतात ते खिडकीची काच अडवते. काचेतून ऊन दिसतं आणि चटकाही बसतो, पण ड जीवनसत्त्वासाठी लागणारा किरण आत येत नाही.

डॉक्टरांची दोन रेघांची युक्ती यावरच उभी आहे. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या वर गेला की सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड होते, आणि तेव्हा यूव्हीबी पुरेसे मिळतात. घड्याळात बारा वाजतात तीच माध्यान्ह असं आपण धरून चालतो. पण भारताचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. पुण्यात सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी. डिसेंबरच्या अखेरीस, सूर्य सर्वांत खाली असताना, पुण्यात सावली माणसापेक्षा आखूड राहते ती सव्वादोन तासच, साधारण साडेअकरा ते पावणेदोन. मेच्या मध्याला तर शून्य सावली दिवस येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच मुरते. याउलट लंडनमध्ये डिसेंबरातल्या भर दुपारी सूर्य १५ अंशांवरच असतो. माणसाची सावली त्याच्या पावणेचारपट लांब पडते. तिथे हिवाळ्याचे काही महिने कातडी दिवसभर उघडी ठेवली तरी ड जीवनसत्त्व तयार होत नाही. बॉस्टनमध्ये हेच १९८८ साली प्रयोगानं दाखवलं गेलं.

त्या थंड, धुरकट शहरांनीच जगाला मुडदूस ओळखायला शिकवलं. मुडदूस म्हणजे मुलांची हाडं मऊ राहणं. पाय धनुकलीसारखे वाकतात, मनगटं जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांची माळ ओवल्यासारख्या गाठी येतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसननं १६५० साली या रोगावर ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने आले, कोळशाचा धूर आला, गल्ल्या अरुंद झाल्या आणि कामगारवस्त्यांतली मुलं वाकड्या पायांनी चालू लागली. १८२२ साली येंजेई श्नियादेत्स्की या पोलिश डॉक्टरानं लिहून ठेवलं होतं की वॉर्साच्या शहरी मुलांना मुडदूस होतो, खेड्यातल्यांना क्वचित. तेव्हा मुलांना उघड्यावर, उन्हात न्या. त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या डॉक्टरानं तेच पुन्हा सांगितलं. त्यानं जपानमध्ये मिशनरी म्हणून काम केलं होतं आणि तिथल्या मुलांत त्याला हा रोग जवळजवळ दिसलाच नव्हता. तेही वाऱ्यावर गेलं.

पुरावा आला तो १९१९ साली, पहिल्या महायुद्धानं उपाशी पाडलेल्या बर्लिनमधून. कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञानं मुडदूस झालेल्या चार मुलांना पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील प्रकाशात ठेवलं आणि महिन्यामहिन्यानं त्यांच्या हाडांचे एक्स-रे काढले. हाडांत चुना भरत गेलेला स्पष्ट दिसला. मग त्यानं मुलाच्या एकाच हातावर दिवा धरला, आणि दुसऱ्या हाताचं हाडही तितकंच सुधारलं! म्हणजे कातडीत काहीतरी तयार होऊन रक्तावाटे अंगभर जात होतं. लगोलग १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या हेस आणि उंगर यांनी दिव्याऐवजी साध्या उन्हानं मुलं बरी करून दाखवली. श्नियादेत्स्कीचं म्हणणं खरं ठरायला शंभर वर्षं लागली, आणि त्या शंभर वर्षांत किती पोरांची हाडं वाकली असतील याचा विचार मनातून जात नाही.

याच सुमारास आपल्याकडेही एक पाहणी झाली होती. मुंबई इलाख्यात हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी मुडदुसाचा शोध घेतला आणि १९२२ साली तो प्रसिद्ध केला. हा रोग गरिबीचा, अपुऱ्या अन्नाचा, असाच तेव्हा समज होता. त्यांना दिसलं ते उलटं. ज्या सुखवस्तू घरांत बायका पडद्यात राहत आणि तान्ही मुलं माजघराबाहेर निघत नसत, तिथे अन्नाला तोटा नसूनही मुडदूस होता. हलकंसलकं खाऊन दिवसभर रानात काम करणाऱ्यांच्या घरात तो फारसा नव्हता.

जिथे वर्षभर लख्ख ऊन असतं तिथे ड जीवनसत्त्व कमी कसं पडेल, असं लोक आजही विचारतात. २००२ साली दिल्लीत नऊ महिने ते दोन वर्षं वयाच्या मुलांची तपासणी झाली. धुरानं कोंदलेल्या मोरी गेट भागातल्या मुलांची सरासरी पातळी १२.४ आली, तेव्हाच्या मोकळ्या गुडगावातल्या मुलांची २७.१. धुराचा पडदाही यूव्हीबी अडवतो. पुण्याची पाहणी मला जास्त लागते, कारण ती आपल्या अगदी शेजारची आहे. इथल्या संशोधकांनी झोपडवस्तीतली दोन-तीन वर्षांची मुलं पाहिली. आई कामाला जाते म्हणून ज्यांचा दिवस पाळणाघराच्या खोलीत जातो त्यांच्यात मुडदुसाची लक्षणं भरपूर होती. तसंच अन्न खाणाऱ्या पण गल्लीत हुंदडणाऱ्या मुलांत कितीतरी कमी. धुणीभांडी करून पोराच्या दुधाचे पैसे मिळवणाऱ्या आईला कोणी सांगायला हवं होतं की पाळणाघरातून दुपारी अर्धा तास मुलं अंगणात आणायला लावा. त्याला पैसे लागत नाहीत.

आपल्या कातडीतलं मेलॅनिन ऊन गाळून घेतं, म्हणून गोऱ्या माणसाला जे पाच-दहा मिनिटांत मिळतं त्याला आपल्याला कैकपट वेळ लागतो. हातपाय उघडे ठेवून दुपारी अर्धा तास, आठवड्यातून काही दिवस, असं आपल्याकडचे डॉक्टर साधारणपणे सांगतात. वयाबरोबर कातडीची ही ताकद निम्म्याहून कमी होते. अन्नातून भरपाई व्हावी तर मासे आणि अंड्याचा बलक सोडला तर आपल्या ताटात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच.

मग पूर्वीच्या बायकांना हे ऊन कसं मिळत होतं? माझ्या आजीनं कधी ‘ऊन घेतलं’ नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवणं पडत. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, साडीच्या जुन्या पदरावर कुरडया पाडल्या जायच्या, शेजारी पापड, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. राखण करायला हातात काठी घेऊन आजी बसायची, डोक्यावर पदर, पोटऱ्या आणि हात उघडे. अकरानंतर कुरडया उलटायला पुन्हा एक फेरी. नऊवारीतल्या बाईच्या पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर किती ऊन पडत असेल! थंडीत धान्य वाळवणं, निवडणं, शेंगा फोडणं हे सगळं अंगणातच. काम घरात आलं, ऊन बाहेर राहिलं. आज आमच्या इमारतीत कुरडया बचतगटाकडून येतात आणि गच्चीला कुलूप असतं.

आता आईच्या प्रश्नाचा दुसरा भाग: कोवळं ऊन. तान्ह्या बाळाला तेल लावून, न्हाऊ घालण्याआधी कोवळ्या उन्हात पालथं निजवायची आपल्याकडे रीत आहे. ती किती शहाणी आहे हे मला इंग्लंडमधल्या एका इस्पितळाची हकिगत वाचून कळलं. एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. मोकळी हवा आणि ऊन यांवर त्यांचा विश्वास. चांगलं ऊन पडलं की त्या बाळांच्या गाड्या अंगणात घेऊन जात. १९५६ सालच्या एका फेरीत त्यांनी डॉक्टरांना एक उघडं बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा उतरला होता, फक्त एक त्रिकोणी तुकडा गडद पिवळा राहिला होता. ‘इथे आयोडीन लावलंय का?’ असं डॉक्टरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, ही उन्हाची करामत असावी. त्या तुकड्यावर चादरीचं टोक होतं; बाकीचं अंग उन्हात होतं. काही आठवड्यांनी कावीळ झालेल्या बाळाच्या रक्ताची नळी काही तास उन्हाच्या खिडकीत राहून गेली. तपासली तर अंग पिवळं करणारं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी. तिथल्याच क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे मांडलं, आणि त्यातून बाळांना निळ्या दिव्याखाली ठेवण्याची आजची पद्धत आली. बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलून त्याला सहज बाहेर पडता येईल असं रूप देतो तो दृश्य निळा प्रकाश. तो कोवळ्या उन्हात असतो आणि काचेतूनही येतो. म्हणून तर खिडकीतल्या नळीत त्यानं काम केलं.

इथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. पिवळेपणा पोटाखाली, तळहातांपर्यंत आणि तळपायांपर्यंत पोहोचला असेल, बाळ दूध ओढत नसेल, तर उन्हावर भरवसा ठेवून घरी थांबू नये. निळ्या दिव्याची मात्रा मोजता येते, उन्हाची येत नाही, आणि वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करतं.

डोळ्यासाठी तर कातडीवर ऊन पडायचीही गरज नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम मेंदूतल्या घड्याळाला उजेडाची खबर देणं. त्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि या पेशींची ओळख पक्की झाली ती अगदी अलीकडे, २००२ साली. हे घड्याळ सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटं जास्त घेतं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडतं, आणि सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ओढून जागेवर आणतो. तो उजेड मिळाला नाही की झोप रात्री उशिरा सरकत जाते, सकाळी उठवत नाही, भूक अवेळी लागते. घरात ट्यूबलाइटखाली डोळ्यापर्यंत २००-३०० लक्स पोहोचतात. बाहेर झाडाच्या सावलीत बसलं तरी हजारो, आणि भर उन्हात लाखाच्या घरात. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही, कारण तो पटकन जुळवून घेतो. आईचं सातचं ऊन याच कामाचं होतं, आणि काचेतूनही ते चालत होतं. सत्तरीतही तिला पडल्या पडल्या झोप लागते यात त्या खुर्चीचा वाटा असावा असं मला मनापासून वाटतं.

मुलांच्या चष्म्याचा प्रश्नही उजेडाशी जोडलेला निघाला. २००८ साली सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना झाली. सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना लांबचं दिसत नव्हतं, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुलं आठवड्याला सुमारे चौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास. मग चीनमधल्या ग्वांगजूत पहिलीच्या वर्गांवर रीतसर प्रयोग झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानाचा तास वाढवला. तीन वर्षांनी तिथे ३०.४ टक्के मुलांना नव्यानं लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत ३९.५. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन पाझरतं आणि ते बुबुळामागचा गोल लांबट होण्याला आवर घालतं, असं तज्ज्ञ मानतात. तैवाननं तर शाळांना मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सांगितलं. आपल्याकडे मैदान हा शब्द शाळेच्या जाहिरातीपुरता उरला आहे, आणि मधल्या सुट्टीत मुलांना वर्गातच डबा खायला बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, मग ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या की झालं. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर पाच वर्षांहून अधिक काळ मोठी चाचणी झाली. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांचाही कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणं कमी झालं नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. माझ्या आईसारख्यांना पुड्या लागतातच. दुसरीकडे स्वीडनमध्ये २९,५१८ बायकांची वीस वर्षं नोंद ठेवली, तेव्हा ऊन टाळणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण सर्वाधिक उन्हात राहणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. उन्हात फिरणारी माणसं मुळातच धट्टीकट्टी असतात हेही त्यात मिसळलेलं असणार. तरी कातडीतला नायट्रिक ऑक्साइड उन्हानं मोकळा होऊन रक्तवाहिन्या सैल पडतात, हे माणसांवर पाहिलं गेलं आहे. गोळीत हे येत नाही.

उन्हाची बाधाही खरी आहे. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ड जीवनसत्त्वासाठी बाहेर बसणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. कातडी लाल होईपर्यंत कधीच थांबायचं नाही. आपल्या रंगाला कातडीच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी आहे, पण चेहऱ्यावरचा वांग आणि डोळ्यातला मोतीबिंदू उन्हानं वाढतो. म्हणून चेहरा सावलीत, हातपाय उन्हात. ल्युपस असलेल्यांनी आणि डॉक्सीसायक्लिनसारखी औषधं चालू असलेल्यांनी आधी विचारून घ्यावं.

आईनं गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून मागून आणली, त्याला आता दीड वर्ष झालं. सातची खुर्ची गॅलरीत तशीच आहे. थंडीत ती साडेअकराला वर जाते, डोक्यावर माझी जुनी टोपी, चोळीच्या बाह्या दुमडलेल्या. नुसतं बसवत नाही म्हणून आवळे किसून वाळत घालते, मेथी सुकवते, गाद्या उलटते. मागच्या डिसेंबरात मी वर गेलो तर ती भिंतीशी सरळ उभी राहून पायाशी बघत होती. ‘काय गं?’ म्हटलं. म्हणाली, ‘थांब जरा. अजून डोकं त्या फरशीच्या रेघेपलीकडे आहे. आत आलं की बसते.’ समोर ताटभर आवळ्याचा कीस होता आणि काठी हाताशी ठेवलेली होती.